कौटुंबिक उपचार : अनुभव आणि पुरावा



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी घरातील बेबनाव आणि मनाचे आजार हा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु संस्थेची पन्नास वर्षे म्हणजे अखेर तिच्याशी जोडलेल्या कुटुंबांचीच पन्नास वर्षे असतात. या काळात जळोची, बारामती, इंदापूर परिसरातील घरांचे स्वरूप पालटले. एका चुलीवर बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक होणारी घरे कमी झाली. मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, तेथून परदेशी गेली. पूर्वी नवरा-बायकोचा अबोला घरातील एखादी काकू किंवा आत्या चार दिवसांत मोडीत असे; आज तो बंद सदनिकेत महिनोन् महिने टिकतो. घरातील एखादा तरुण अचानक एकलकोंडा झाला, स्वतःशीच बोलू लागला, तर ती गोष्ट शेजाऱ्यालाही कळू नये अशी धडपड होते.

अशा वेळी कोणी हितचिंतक सुचवितो की सर्वांनी मिळून समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यावर घरातून दोन आक्षेप येतात. पहिला, "आम्हाला काय वेड लागले आहे?" आणि दुसरा, "नुसते बोलून कधी काही बरे होते का?" पहिला आक्षेप संकोचाचा आहे आणि तो काळाने कमी होईल. दुसरा मात्र हिशेबाचा आहे. व्यवहारी माणसाने तो विचारलाच पाहिजे आणि त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले गेले पाहिजे. आजच्या विवेचनाचा हेतू तेवढाच आहे : कौटुंबिक उपचारांनी खरोखर गुण येतो का, आला तर किती, आणि कोठे येत नाही.

पुरावा कशाला म्हणावे?

एखाद्या जोडप्याने समुपदेशन घेतले आणि सहा महिन्यांनी त्यांचे पटू लागले, एवढ्यावरून तो समुपदेशनाचा गुण असे म्हणता येत नाही. काही भांडणे काळच मिटवितो. काही आजारांत चढ-उतार असतातच, आणि माणूस मदतीला धावतो तो नेमका उताराच्या वेळी. त्यानंतर थोडी सुधारणा आपोआपही होऊ शकते. म्हणून संशोधक सारख्या अडचणीतील कुटुंबांचे दोन गट करतात. कोणते कुटुंब कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकावी तसे ठरते. ते डॉक्टरांच्या किंवा नातेवाइकांच्या मर्जीवर ठेवले जात नाही. एका गटाला नेहमीचे उपचार मिळतात, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला कौटुंबिक उपचार. ठरलेल्या मुदतीनंतर दोन्हींची तुलना होते. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे दुकानातील उजेडात कळत नाही, ते धुतल्यावर कळते. उपचाराचेही तसेच आहे. तो संपल्या दिवशी काय वाटले यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी काय टिकले हे महत्त्वाचे.

दोष शोधण्यापासून साहाय्यापर्यंत

या विषयाचा आरंभ एका चमत्कारिक निरीक्षणातून झाला. छिन्नमनस्कता, म्हणजे ज्याला सर्वत्र स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्या आजाराचे रुग्ण लंडनमधील रुग्णालयांतून बाहेर पडल्यावर त्यांचे पुढे काय होते, याची पाहणी जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह केली आणि १९५८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या रुग्णांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांची प्रकृती अधिक चांगली राहिली होती. जिव्हाळ्याच्या घरात आजार उलटावा आणि परक्या खोलीत तो आटोक्यात राहावा, हे कोडेच होते.

१९७२ मध्ये ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुढचा भाग मांडला. ज्या घरांत रुग्णाला सतत टोचून बोलले जात होते, त्याच्याविषयी राग धरला जात होता किंवा अतिकाळजीने त्याला क्षणभरही एकटे सोडले जात नव्हते, त्या घरांतील ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. ज्या घरांत असे वातावरण नव्हते तेथे हेच प्रमाण १६ टक्के होते.

या आकड्यांचा चुकीचा अर्थ लावणे सोपे होते, आणि तसा तो त्यापूर्वी लावलाही गेला होता. फ्रीडा फ्रॉम-राइकमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्ये हा आजार आईच्या वागण्यातून जन्मतो अशा अर्थाची संज्ञा वापरली आणि पुढे कित्येक वर्षे असंख्य मातांनी तो कलंक वाहिला. नंतरच्या संशोधनात त्या कल्पनेला आधार मिळाला नाही. मधुमेह घरच्यांनी दिलेला नसतो, परंतु घरातील पथ्य-पाण्यावर त्याची वाटचाल बरीच अवलंबून असते. तसेच येथेही समजावे. शिवाय घरचे टोचून बोलतात ते दुष्टपणाने नव्हे. दिवसभर अंथरुणात पडून राहणे हे आजाराचेच लक्षण आहे हे ठाऊक नसल्याने त्याला आळस म्हटले जाते. वर्षानुवर्षांच्या जागरणाने आणि खर्चाने माणसे थकलेली असतात. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की, घराला माहिती आणि आधार दिला तर ही वाटचाल बदलते का?

ज्युलियन लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये याची परीक्षा घेतली व १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तणाव जास्त असलेली २४ कुटुंबे घेतली. सर्व रुग्णांची औषधे चालूच होती. निम्म्या कुटुंबांना त्याखेरीज आजाराविषयी माहिती, नातेवाइकांचा एकत्र गट आणि घरी येऊन केलेल्या बैठका असे साहाय्य मिळाले. नऊ महिन्यांनंतर केवळ औषधे घेणाऱ्या गटात निम्म्या रुग्णांचा आजार उलटला होता. साहाय्य मिळालेल्या गटात हे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते.

चोवीस कुटुंबे हा लहान नमुना आहे, असे कोणी म्हणेल तर ते योग्यच होईल. म्हणूनच पुढे अनेक देशांत अशा चाचण्या झाल्या. कॉक्रेन या संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात अशा ५३ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. साधारणतः सात कुटुंबांना असे साहाय्य दिले तर एका रुग्णाचा आजार उलटणे टळते, असा त्याचा निष्कर्ष आहे. अनेक चाचण्यांची आखणी सदोष असल्याने हा फायदा प्रत्यक्षाहून मोठा दिसत असण्याची शक्यता आहे, अशी कबुलीही त्याच आढाव्यात आहे. सातांत एक हा आकडा ऐकावयास लहान वाटेल. परंतु आजार एकदा उलटणे म्हणजे पुन्हा रुग्णालय, पुन्हा सुटलेले शिक्षण, पुन्हा गेलेली नोकरी. ज्या घराने हे भोगले आहे त्याला तो आकडा लहान वाटणार नाही.

भारतातील वाट

कुटुंबाला उपचारात सामावून घेणे ही कल्पना केवळ पाश्चात्त्यांची नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहावयास बोलाविले आणि उपचारांत सहभागी करून घेतले. तमिळनाडूतील वेल्लोर येथे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही १९५७ पासून रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहण्याची पद्धत रूढ झाली. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने १९७० च्या दशकात संपूर्ण कुटुंबासाठी स्वतंत्र केंद्र उभारले.

पुढे चंडीगड येथे लंडनच्याच मोजपट्टीने घरांची पाहणी झाली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, टोचून बोलणाऱ्या आणि रागावलेल्या घरांचे प्रमाण तेथे लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. भारतीय कुटुंबाची सहनशक्ती हे मोठे भांडवल आहे, असा त्याचा अर्थ घेता येईल. परंतु भांडवल नुसते खात राहिले तर संपते. नव्या घरात तीच जबाबदारी दोन माणसांवर येते, तेव्हा त्यांनाही आधार लागतो.

हा आधार महाराष्ट्रात कसा उभा राहिला याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले आणि कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू झाली. तेथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. हे शब्दच अर्धे काम करतात. त्यांत वेडाचा शिक्का नाही आणि ओझ्याचा उल्लेख नाही. शुभंकर एकत्र जमतात, आपले अनुभव सांगतात, दुसऱ्याचे ऐकतात. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटानेही आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची कथा घराघरांत नेली. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात १९८६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मुक्तांगण या केंद्रानेही व्यसनी माणसाच्या पत्नीला उपचाराचा भाग मानले. तेथील पत्नींचा आधारगट 'सहचरी' या नावाने ओळखला जातो.

अनुभव झाला, आता पुरावा. बारामतीहून फलटणमार्गे ज्या साताऱ्याला येथील माणसे नित्य जातात, तो जिल्हा या विषयावरील भारतातील एका महत्त्वाच्या चाचणीचे क्षेत्र होता. सातारा, गोवा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी २००९ व २०१० या वर्षांत ही चाचणी झाली आणि २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण २८२ रुग्ण होते. सर्वांना मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार मिळत होते. त्यांतील १८७ जणांच्या घरी याखेरीज प्रशिक्षित कार्यकर्ते जात. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. त्यांना या कामासाठी शिकवून तयार केले होते आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. ते रुग्णाला व घरच्यांना आजार समजावून सांगत, औषधे नियमित घेण्यास मदत करीत, रुग्णाला हळूहळू कामाला लावीत आणि लोकनिंदेला तोंड कसे द्यावे हे सुचवीत. वर्षअखेर या गटातील रुग्णांची लक्षणे आणि आजारामुळे आलेली परावलंबिता दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. फरक माफक होता, आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागात तो अधिक दिसला. चमत्कार घडला नाही. परंतु पदवी नसलेला, मात्र नीट शिकविलेला माणूस घरी आला तरी मोजता येईल इतका गुण येतो, हे यातून दिसले. जेथे मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेथे याचे मोल फार आहे.

पती-पत्नीच्या बेबनावात

आता आजार नसलेल्या, परंतु विसंवाद असलेल्या संसाराकडे वळू. या बाबतीत सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक अमेरिकेत अँड्र्यू ख्रिस्टेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. दीर्घकाळ गंभीर बेबनाव असलेली १३४ विवाहित जोडपी तीत होती. त्यांना जास्तीत जास्त २६ बैठकांचे दोनपैकी एका पद्धतीचे उपचार मिळाले. एका पद्धतीत वागणे बदलण्यावर आणि बोलण्याची रीत शिकविण्यावर भर होता. दुसरीत, जोडीदाराचे जे बदलणार नाही ते समजून घेऊन स्वीकारण्यावरही. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या पद्धतीतील ६० टक्के आणि दुसरीतील ६९ टक्के जोडप्यांत ठळक सुधारणा होती. पाच वर्षांनी, म्हणजे रंग पुष्कळदा धुतल्यावर, दोन्ही पद्धतींत सुमारे निम्म्या जोडप्यांत ती टिकली होती आणि एक चतुर्थांशाहून थोडी अधिक जोडपी विभक्त झाली होती किंवा घटस्फोट घेऊन मोकळी झाली होती.

हा ताळेबंद प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. दरवाजा बंद होण्याच्या बेतात असलेल्या संसारांपैकी निम्मे पाच वर्षांनीही सुधारलेले राहावेत, ही मोठी जमा आहे. चारांतील एक तुटावा, ही नावे बाजू आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. शिवाय हे आकडे अमेरिकेतील आहेत. तेथे खोलीत दोघे बसतात. येथे त्या दोघांमागे सासू-सासरे, दीर-जाऊ आणि दुकानातील भागीदारीही अदृश्यपणे बसलेली असते. त्यामुळे येथील समुपदेशकाला दोघांपुरते पाहून चालत नाही.

नैराश्याच्या आजारातही जोडीदाराचा सहभाग उपयोगी पडतो. लंडनमध्ये लेफ यांनीच केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ गोळ्या दिलेल्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी उपचार अर्धवट सोडले. जोडीदारासह उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते आणि त्यांच्या नैराश्यातही अधिक उतार पडला. याचा अर्थ गोळ्या बंद कराव्यात असा कोणी घेऊ नये. माणूस उपचाराला टिकून राहणे हीच अर्धी लढाई असते, आणि जोडीदार बरोबर असला की तो टिकतो, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. समाजातील पंच आणि वडीलधारी माणसे करतात तो समेट असतो. त्यात दोन्ही बाजू ऐकून निवाडा दिला जातो आणि बहुधा "झाले गेले विसरा, नांदा" असे सांगून प्रकरण मिटविले जाते. कौटुंबिक उपचारात निवाडा नसतो. एकाचे बोलणे दुसऱ्याने मध्येच न तोडता ऐकावे, जे ऐकले ते आपल्या शब्दांत परत सांगावे, 'तू नेहमीच असा वागतोस' याऐवजी 'काल या गोष्टीचे मला वाईट वाटले' असे म्हणावे, आठवड्याला एकच लहान अडचण निवडून ती दोघांनी मिळून सोडवावी, अशा साध्या गोष्टींचा तेथे सराव होतो. समेट एका बैठकीत होतो. सवय बदलावयास महिने लागतात.

जेथे हे लागू नाही

उपचाराचे गुण सांगावेत तशा मर्यादाही सांगाव्यात. मारहाण, धमकी किंवा जिवाचे भय असलेल्या घरात दोघांना शेजारी बसवून बोलते करणे धोक्याचे ठरू शकते. खोलीत बोललेल्या सत्याची शिक्षा तिला घरी भोगावी लागते. ख्रिस्टेनसेन यांच्या चाचणीतूनही गंभीर हिंसा असलेली जोडपी वगळलेली होती. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून देशात लागू आहे आणि तो वापरण्यात कुटुंबाची अप्रतिष्ठा नाही. तसेच छिन्नमनस्कतेसारख्या आजारात वर सांगितलेला सर्व लाभ औषधांच्या जोडीने मिळालेला आहे. औषध सोडून केवळ बैठकांवर विसंबणे घातक होय.

समाजापुढील प्रश्न

हे सर्व ज्ञान उपलब्ध असूनही घरे उशिरा का येतात? याचे उत्तर बहुधा एका शब्दात आहे : स्थळ. मुलाच्या आजाराची वार्ता फुटली तर त्याच्या बहिणीचे लग्न जमणार नाही, ही भीती खरी आहे आणि तिला हसून चालणार नाही. त्या भीतीपोटी दूरच्या शहरात नाव न सांगता गोळ्या आणल्या जातात, मध्येच थांबविल्या जातात, आणि शेवटी "लग्न झाले की सुधारेल" असे म्हणून एका अनभिज्ञ मुलीच्या किंवा मुलाच्या गळ्यात हा भार घातला जातो. लग्न हा कोणत्याही आजारावरचा उपचार असल्याचा पुरावा नाही. उलट नव्या नात्याचा ताण, थांबविलेली औषधे आणि लपविल्याची जाणीव, या तिन्ही गोष्टी आजार उलटण्यास पोषक आहेत. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, वधू किंवा वराविषयीची महत्त्वाची गोष्ट लपवून मिळविलेल्या संमतीच्या आधारे झालेला विवाह न्यायालयातून रद्द करून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे लपविण्याने स्थळ मिळते, संसार मिळत नाही. याउलट, आजार सांगून, औषधे चालू ठेवून, दोन्ही घरांना माहिती देऊन झालेल्या विवाहाला निदान उभे राहावयास जमीन असते.

समाजाने करण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. मधुमेह-रक्तदाबाची शिबिरे भरविली जातात, तशी वर्षातून एक-दोनदा मानसिक आरोग्याची माहिती देणारी सभा भरविता येईल. पुण्यातील शुभंकरांसारखा नातेवाइकांचा लहान गट बारामती परिसरात सुरू करता येईल. त्याला लागते एक खोली, महिन्यातील दोन तास आणि ऐकलेले बाहेर न सांगण्याचा कडक नियम. विवाह ठरलेल्या मुला-मुलींना दागिने आणि कपडे यांच्या खरेदीबरोबर एक-दोन बैठका समुपदेशकाकडेही करावयास सांगता येईल. तातडीच्या वेळी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

हिशेबाचा सारांश असा. कौटुंबिक उपचार सर्वांना तारतात असे नाही. परंतु गंभीर मानसिक आजारात औषधांच्या जोडीला कुटुंबाचे साहाय्य मिळाले तर आजार उलटण्याचे प्रमाण घटते. बेबनावाच्या संसारांपैकी निम्म्यांत सुधारणा वर्षानुवर्षे टिकते. आणि हे साहाय्य शिकविलेला साधा माणूसही देऊ शकतो. "नुसते बोलून कधी काही बरे होते का?" या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे देता येईल की नुसते बोलून नाही, पण शिकून, सरावाने, वेळेवर आणि सर्वांनी मिळून बोलल्यास पुष्कळ बरे होते. यांतील 'वेळेवर' हा शब्द तज्ज्ञांच्या हाती नाही. तो ज्याच्या त्याच्या घराच्या उंबरठ्याशी थांबलेला आहे, आणि तो उंबरठा ओलांडण्याचे धैर्य घरातील वडीलधाऱ्यांनी आधी दाखविले तर मागची माणसे आपोआप येतील.

सर्वांच्या घरी सुख-शांती नांदो, हीच प्रार्थना. जय जिनेंद्र!